चार ठोक्यांची शांतता

इनास,

काल तुझी शोकसभा झाली. तू असतास तर पहिल्या भाषणालाच "बाय, मी गाडी काढतो, तू ये मागून" म्हणून सटकला असतास. मला सटकता आलं नाही. मी मोठी बहीण, म्हणून पहिल्या रांगेत, मांडीवर टिश्यूचा डबा देऊन बसवलेली. रडू येत नव्हतं. मळमळत होतं. आधी वाटलं, हॉलच्या एसीचा कुबट वास असेल. मग वाटलं, दुपारची कोळंबी असेल. नवरोबा विल्फीने घरी येऊन उरलेली सगळी कोळंबी खाल्ली आणि त्याला काहीही झालं नाही, म्हणजे कोळंबी निर्दोष होती.

व्यासपीठावर तुझा फोटो होता. कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापलेला. कापणाऱ्याने बँड समितीच्या चेअरमनसाहेबांना कापलं, पण तुझ्या खांद्यावरचा त्यांचा हात काही त्याला काढता आला नाही. त्यामुळे हार घातलेला तू आणि तुझ्या खांद्यावर अंगठी घातलेली चार बोटं. पूर्ण दीड तास मी त्या बोटांकडे बघत होते.

आणि ज्याची ती बोटं तो माईकवर. "इनास सर हमेशा कुछ नया देते थे. Every year, something new! ही वॉज अ फाउंटन ऑफ आयडियाज." लोकांनी माना हलवल्या. मला शिसारी आली. दरवर्षी काहीतरी नवं दिलंस, बरोबर. आणि दरवर्षी त्या नव्यावर पुढच्या मोसमाआधी बंदी कुणी घातली? याच कारंज्यावर दरवर्षी नवं झाकण कुणी बसवलं? ते भाषणात नव्हतं.

मग दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. ती चाळीस सेकंद टिकली. मला मोजायची खोड आहे, तुला ठाऊकच आहे. पंचविसाव्या सेकंदाला मागे कुणाचा तरी फोन वाजला आणि तो गृहस्थ दबक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हां, कंडोलन्स में हूँ, बोलो."

आणि मग घोषणा. तुझ्या नावाने फिरता चषक. शाळांच्या बँड स्पर्धेत दरवर्षी द्यायचा. कशासाठी, सांगू? सर्वांत शिस्तबद्ध आणि नियमांचं काटेकोर पालन करणाऱ्या पथकासाठी.

मला हसू फुटलं, इनास. मोठ्याने. टिश्यूंचा पुंजका तोंडावर दाबला तर शेजारच्या बाईला वाटलं मी हुंदके देतेय. ती माझी पाठ चोळायला लागली. तिने जितकी चोळली तितकं हसू वर येत गेलं. शेवटी दोघींनी मला धरून बाहेर नेलं, पाणी पाजलं आणि एका समोशाची बशी हातात दिली. माझ्या दुःखाची खोली बघून सगळे हेलावले म्हणे.

तुझ्याशी खोटं बोलायची आता सोय नाही, म्हणून आधीच सांगते. या सगळ्यांची मला किळस आली हे खरं. पण सगळ्यांत जास्त जिची आली ती पहिल्या रांगेत टिश्यूचा डबा घेऊन बसली होती. कारण झाकणं बसवायची ठरवली समितीने, पण ती नियम म्हणून टाइप कुणी केली?

मीच. इथे आखातात, रुवीतल्या ऑफिसात, साहेब दुपारी घरी जेवायला गेले की, कंपनीच्या कॉम्प्युटरवर. बँड समितीची मानद सचिव आणि वेळाधिकारी. मानद म्हणजे फुकट, हे विल्फीने मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. पण मला नियम आवडायचे. आपल्या घरात बाबा बँडवाले, तू त्यांचा पट्टशिष्य, आई गाणारी, आणि मी? मला एकटीला ताल नव्हता. वसईतल्या लग्नांत बाबांचा बँड वाजायला लागला की सगळं गाव पाय आपटायचं आणि मी किती जणांचे पाय चुकतात ते मोजायची. घुब्र्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर मी नियम लावले होते, आठवतात? 'पाण्याची बाटली संपवणाऱ्याने ती भरून ठेवावी.' तू खाली पेनने लिहिलंस, 'आणि भरणाऱ्याने ती प्यावी.' माझी पोरं त्या दिवसापासून तुझी झाली.

तू हॉटेलात. सकाळी नाश्त्याची ड्युटी, संध्याकाळी बँक्वेट, मधे चार तास सुट्टी. बाकीचे त्या चार तासांत हमरियाच्या खोल्यांवर जाऊन झोपायचे. तू शाळेच्या मैदानावर साठ पोरांना ड्रम आणि बिगूल शिकवायला यायचास, हॉटेलची काळी पँट तशीच, गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरी. पुढे एक ड्रम मेजर, चांदीच्या मुठीची लांब काठी घेऊन ताल देणारी, मागे पाच रांगा. सगळी पथकं अशीच असायची. सरळ यायचं, वाजवायचं, पाहुण्यांना सलाम करायचा, सरळ जायचं. नियमावली तेव्हा एका पानाची होती.

पहिल्या वर्षी तू पोरांना डब्यांची झाकणं वाजवायला दिलीस. मधल्या सुट्टीचे स्टीलचे डबे. तिसऱ्या रांगेने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या, पिशव्यांतून झाकणं काढली आणि त्या उन्हात बारा झाकणं एकदम चमकली. आवाज काय आला रे! सगळ्या आया उभ्या राहिल्या, बहुतेक आपापलं झाकण ओळखायला. चेअरमनसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ये क्या है, घर का बर्तन मैदान में?" पुढच्या वर्षीच्या नियमावलीत कलम अकरा: स्वयंपाकघरातील भांडी ही वाद्ये समजली जाणार नाहीत. मी टाइप केलं. टाइप करताना मला गंमतही वाटली आणि थोडा अभिमानही; वाक्य नीट जमलं होतं.

दुसऱ्या वर्षी तू भांडी आणली नाहीस. प्रत्येकाने स्वतःचा ड्रम सोडून शेजाऱ्याचा ड्रम वाजवला, एका हाताने, रांगच्या रांग एकमेकांत गुंतलेली. कलम बारा: प्रत्येक वादकाने केवळ स्वतःच्या अंगावरील वाद्य वाजवावे. तिसऱ्या वर्षी पथक मैदानात उलटं आलं, पाठमोरं, आणि अगदी शेवटच्या ठोक्याला गर्रकन वळलं. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पण तोवर सात मिनिटं साठ पाठी त्यांच्याकडे होत्या. कलम तेरा, लांबलचक, मान्यवरांच्या सन्मानाबद्दल.

तू दर शुक्रवारी जेवायला आलास की विचारायचास, "काय बाय, या वर्षी माझं कुठलं कलम?" आणि एकदा कालवणात पाव बुडवत म्हणालास, "लोकांचं चरित्र मेल्यावर लिहितात. माझं तू जिवंतपणीच लिहितेस, तेही कलमवार."

सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त.

शांततेची गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही.

ती तुला कुठून सुचली ते तू मलाच सांगितलं होतंस. सराव चालू असताना पलीकडच्या मशिदीत अजान सुरू झाली की तू हात वर करायचास आणि पोरं काठ्या काखेत धरून उभी राहायची. रोजचंच होतं. आपली वसईची, केरळची, रत्नागिरीची, सगळी पोरं, कुणी चुळबूळ करायचं नाही. "अजान संपते ना बाय," तू म्हणालास, "त्याच्यानंतर मी लगेच हात खाली आणत नाही. थोडा थांबतो. तेव्हा मैदान ऐकू येतं. वाळूवर बूट सरकतो तो, दोरीवर झेंडा आपटतो तो, कुणाचा तरी श्वास. साठ पोरं एकदम न वाजवणं, हे सोपं नाही."

मी म्हटलं, "न वाजवण्याला गुण कुठल्या रकान्यात देणार?"

"नवा रकाना काढ की. तुझा टाइपरायटर आहेच."

"कॉम्प्युटर."

"तेच ते."

त्या वर्षी तू शोच्या मधोमध सोळा ठोके शांतता ठेवलीस. पोरं चालत राहिली, वाद्यं गप्प. लोकांना वाटलं विसरली. एका आईने तर "बजाओ ना बेटा" म्हणून ओरडून सांगितलं. आणि मग सगळे ड्रम एकदम आले तेव्हा माझ्या हातावर काटा आला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी तुला सांगितलं ते इतकंच की समिती भडकलीय. कलम चौदा: सादरीकरणात चार ठोक्यांहून अधिक काळ वादन थांबल्यास सादरीकरण संपले असे समजून वेळाधिकारी लाल झेंडा दाखवील. वेळाधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील. हे शेवटचं वाक्य मी स्वतःहून घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.

स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी आपलं भांडण झालं. तुझी बायको सेलिन आणि माझा विल्फी साक्षीला. तू म्हणालास, मी पुन्हा थांबणार. मी म्हटलं, थांब, मी झेंडा दाखवीन. तू म्हणालास, "तुला कळतं तरी का बाय, काय कापतेयस?" मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखे. तू काय वरून पडलास?" आणि तू ताट सरकवलंस. "तू बाबांची पोर नाहीसच. कुठल्यातरी कारकुनाची आहेस."

सेलिन म्हणाली, "इनास, गप." तू गप झालास. पण झालं होतं बोलून. वाक्य वाईट होतं ते खोटं म्हणून नव्हे. मला जन्मभर वाटत आलेलं तेच तू मोठ्याने म्हणालास म्हणून.

मी नवं स्टॉपवॉच घेतलं होतं. रुवीतल्या दुकानातून, डिजिटल, गळ्यात अडकवायची निळी दोरी. सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं. घरी मी त्याच्यावर अंडी उकडून बघितली होती.

तुझं पथक चौथं आलं. पुढे नफीसा, आठवीतली, रत्नागिरीच्या त्या मसालेवाल्या कुटुंबातली लेक. काठीपेक्षा जेमतेम वीतभर उंच. सुरुवात नेहमीच्या वेगाने. मग चौथ्या मिनिटाच्या सुमाराला ताल संथ व्हायला लागला. आणखी संथ. बिगूल थांबले, ड्रम पातळ झाले, नफीसाची काठी आता एखाद्या जड दाराची कडी वर न्यावी तशी वर जात होती आणि खाली येत होती. आणि मग सगळं थांबलं.

मी घड्याळाकडे बघत होते. एक. दोन. तीन. चार. पाच. दाबलं. झेंडा वर.

इनास, ते दाबताना मला बरं वाटलं. हेही लिहिते. अंगठ्याखाली ते बटण टक् करून बसलं आणि मला गोड वाटलं. कारकुनाची पोर, बघ.

मग मी मान वर केली. नफीसाची काठी तिसऱ्यांदा खाली येत होती. मग ती वर गेली, चौथ्यांदा खाली आली आणि त्याच क्षणाला साठच्या साठ पोरांनी वाद्यं उचलली. लाल झेंडा डोक्यावर असताना त्यांनी उरलेली तीन मिनिटं वाजवली. एकही चुकलं नाही. रडत होती त्यातली काही, पण हात चुकले नाहीत. किमान सात मिनिटांचा शो हवा. माझ्या कागदावर तो चार मिनिटं काही सेकंदांत संपला होता. अपात्र.

तू माझ्या टेबलापाशी आलास. काळ्या पँटवर धूळ. आवाज न चढवता विचारलंस, "किती मोजलेस, बाय?"

"चार."

"चारच?"

"चाराच्या वर गेलं."

तू माझ्या घड्याळाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "बरं," म्हणालास आणि पोरांना पाणी द्यायला गेलास. निषेध नोंदवायचा फॉर्म होता, तोही मीच बनवलेला. तू मागितला नाहीस.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निकाल टाइप करायला बसले. कारण लिहायचं म्हणून कलम चौदा समोर घेतलं. 'चार ठोक्यांहून अधिक.' ठोक्यांहून. मी सेकंद मोजले होते. तू ताल इतका संथ केला होतास की एकेक ठोका दोन सेकंदांचा होता. चार ठोके म्हणजे आठ सेकंद. तू माझा नियम मोडलाच नव्हतास. तू तो माझ्यापेक्षा नीट वाचला होतास आणि त्याच्या पोटात शिरून आपली शांतता मांडली होतीस. सगळ्या स्पर्धेत त्या दिवशी नियमाबाहेर एकच माणूस होतं आणि त्याच्या गळ्यात निळी दोरी होती.

चहा गार झाला. साहेब आले, म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं हो. आणि टाइप केलं: अपात्र, कलम चौदा.

का, ते मी कित्येक वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आले. चेअरमनसाहेब चिडले तर विल्फीच्या नोकरीवर गदा येईल, असं एकदा सांगितलं. विल्फी त्या माणसाला ओळखतही नव्हता. निकाल बदलला तर जिंकलेल्या पोरांवर अन्याय, असंही सांगितलं. खरं इतकंच की, सगळ्यांसमोर 'मला मोजता आलं नाही' म्हणावं लागलं असतं. मला दुसरं काही येतच नव्हतं, इनास. ताल तुझा, गळा आईचा. माझं मोजणं.

तू बँड सोडलास. दुपारचे चार तास झोपायला लागलास, बाकीच्यांसारखा. पुढच्या वर्षी समितीला अचानक वाटलं की कलम चौदा फार जाचक आहे. ते काढलं, मीच काढलं, एक ओळ खोडायला किती वेळ लागतो? आणि चेअरमनसाहेबांची नात ज्या पथकात होती त्याने मैदानाच्या मधोमध थांबून, हाताची घडी घालून, वीस ठोके शांतता केली. खास नावीन्यासाठीचं बक्षीस. मी वेळ नोंदवली. घरी येऊन ओकले. विल्फीने त्या वेळी कोळंबीला दोष दिला.

तू अमेरातला राहायला गेलास तेव्हा एकदा तुझ्याच गाडीत, डोंगराचा चढ चढताना, मी सुरुवात केली होती. "इनास, त्या वेळी ना, घड्याळ..." तू एसी वाढवलास. "राहू दे बाय. सेलिन थांबलीय जेवायला, यल्ला, चल." मला किती सुटल्यासारखं वाटलं! मी लगेच तुझ्या कोलेस्टेरॉलवर भाषण दिलं. ते भाषण तरी तू ऐकायला हवं होतंस.

आणि आता हे. तुला वसईला पाठवायचं तर एअरपोर्टच्या कार्गोमध्ये तुझा फॉर्म भरायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं, हिला फॉर्म चांगले भरता येतात म्हणून. पेटीसकट वजन, लांबी, उंची. मालाचं वर्णन. मी भरला. एक खाडाखोड नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "व्हेरी नीट, मॅडम." मी त्याला थँक यू म्हणाले, इनास. तुझ्या फॉर्मबद्दल मी कौतुक स्वीकारलं.

काल त्या सभेत मला हेच सांगायचं होतं. भाषणासाठी माझं नाव पुकारलं तेव्हा मी हॉलच्या बाहेर समोसा धरून बसले होते. आत कुणीतरी म्हणालं, त्यांना बोलवत नाहीये, समजून घ्या. सगळ्यांनी समजून घेतलं. मीही.

तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. हिजाब, कडेवर तान्हं मूल, खांद्याला दुपट्याची पिशवी. "आंटी, ओळखलं? मी नफीसा. काठीवाली."

उंच झालीय आता. हमरियात मेडिकलच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. मराठी अडखळत बोलते, मधेमधे इंग्रजी, पण तुझ्या वेळच्यापेक्षा बरी. म्हणाली, सर मागच्याच महिन्यात गोळ्या घ्यायला आले होते. बीपीच्या. "मी गोळ्या मोजत होते तर सर हसले. म्हणाले, नफीसा, किती वेळा मोजतेस? मी म्हटलं, सर, थ्री टाइम्स. सवय आहे. तेव्हापासूनची."

"कधीपासूनची?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी.

"तो रेड फ्लॅग आला ना, तेव्हापासून. माझ्यामुळे सगळे आउट झाले. पप्पा अजून चिडवतात, हिला चार मोजता येत नाही. सर नेहमी सांगायचे की तू बरोबर होतीस, तू चारच दिले. पण सर तसेच होते ना, कुणाला वाईट वाटू द्यायचे नाहीत. मी विचारलं, मग मिस्टेक कोणाची? तर म्हणायचे, वाऱ्याची." तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "आंटी, घड्याळ तुमच्याकडे होतं. प्लीज, खरं सांगाल? मी पाच दिले होते का?"

तुला माहीत होतं. टेबलापाशी उभा राहून घड्याळाकडे बघितलंस तेव्हाच. आणि तू त्या पोरीला माझं नाव सांगितलं नाहीस. मी मात्र इतकी वर्षं फक्त तुझाच विचार करत होते, की तुझं वाटोळं केलं; आणि तुझी तर मी मनातल्या मनात माफीही मागून मोकळी होत होते. काठी कुणाच्या हातात होती, याचा एकदासुद्धा विचार केला नाही. तेरा वर्षांची पोर होती ती.

चेअरमनसाहेब समोशांच्या टेबलापाशीच होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण मधे पडले, "अरे बेटा, वो सब पुरानी बात. खलास. आज सर को याद करो."

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. त्यांना मी पहिल्यांदाच असं मराठीत बोलले. ते थांबले, बहुतेक कळलं नाही म्हणून.

"तू चारच दिलेस," मी नफीसाला म्हटलं. "मी सेकंद मोजले. ठोके मोजायचे होते. चूक माझी. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मला काय वाटलं होतं, ती गळ्यात पडेल? रडेल? तिने दुपट्याची पिशवी खांद्यावर सारखी केली. मग म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

माझ्याकडे होती ती सगळी कारणं तिच्यासमोर उभी केली असती तर मला त्यांची लाज वाटली असती. तिचं पोर माझ्या बशीतला समोसा ओढायला लागलं. तिने त्याचा हात सोडवला, हळूच, आणि म्हणाली, "लिहून द्या. सही करून. पप्पांना दाखवायचंय. नुसतं सांगितलेलं मी आता धरत नाही."

चेअरमनसाहेब म्हणाले, "मॅडम, ऑफिशियली ऐसा कुछ मत दीजिए." आणि लगेच, जणू काही झालंच नाही, "वो ट्रॉफी के रूल्स भी आप ही ड्राफ्ट कर देंगी ना? इन्शाल्ला संडे तक?"

मी म्हटलं, शिस्तीच्या चषकाला माझ्या भावाचं नाव लावायचं असेल तर आधी त्या वर्षीचा निकाल दुरुस्त करा. ते म्हणाले, तेव्हाचं रेकॉर्ड आता कुठे आहे? मी म्हटलं, मी टाइप केलेलं एकही पान मी कधी फेकलेलं नाही, हा माझा आजार आहे. मग त्यांनी घड्याळात बघितलं आणि त्यांना पार्किंग आठवलं.

आज सकाळी ऑफिसात, साहेब यायच्या आधी, लेटरहेड न घेता कोऱ्या कागदावर टाइप केलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार वेळी त्यात माझ्याबद्दल फार होतं: खेद, परिस्थिती, त्या वेळची मनःस्थिती. सगळं काढलं. राहिलं ते इतकं: 'ड्रम मेजर नफीसा हिने शांततेत चार ठोके दिले. पथक नियमात होते. वेळाधिकाऱ्याने चुकीचे मोजले व ते कळूनही सांगितले नाही.' खाली सही, पूर्ण नाव.

दुपारी हमरियाला गेले. दुकानात गर्दी होती. नफीसाने एका गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या, तीनदा मोजून. मग कागद घेतला. उभ्या उभ्या वाचला. परत वाचला. थँक यू म्हणाली नाही, आणि बरं झालं, नाहीतर मी तेही स्वीकारलं असतं. कागदाची घडी करून कोटाच्या वरच्या खिशात घातली आणि म्हणाली, "नेक्स्ट." माझ्यामागे माणूस उभा होता.

मी दोन प्रती काढल्या होत्या, इनास. दुसरी तुझी. सही करून समोर ठेवलीय आणि ती कुणाच्या हातात द्यायची ते मला कळत नाहीये.